नेदरलँड्सला येताय? मुलांच्या इंटरनॅशनल शाळेचं कसं ठरवायचं

ऑफर लेटर आलं की आधी भाड्याचं घर शोधायला सुरुवात होते आणि शाळेचा विषय ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. नेदरलँड्सला येणार असाल तर हा क्रम उलटा करा. इथे इंग्रजी माध्यमाच्या शाळा मोजक्या आहेत, त्यातल्या परवडणाऱ्या शाळांना वेटिंग लिस्ट असते आणि मुलांची ने-आण आपल्यालाच सायकलवरून करायची असते. त्यामुळे शाळा ठरली की घर आपोआप त्या भागात बघावं लागतं.

आम्ही नाशिकहून ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टेलवेनला आलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा चारचा. तिला इंटरनॅशनल शाळेत घातलं, त्याला कोपऱ्यावरच्या डच शाळेत. नंतर आलेल्या बऱ्याच मराठी आईबाबांबरोबर मी शाळा बघायला गेले आहे. या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय: ‘चांगली शाळा कुठली?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘या शाळेनंतर मूल कुठल्या शाळेत जाणार?’ त्याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

आधी घरात बसून हे ठरवा

तुम्ही किती वर्षांसाठी येताय? दोन-तीन वर्षांचं डेप्युटेशन असेल आणि मूल आठ-नऊच्या पुढचं असेल, तर इंग्रजी इंटरनॅशनल शाळा घ्या. तेवढ्यासाठी त्याला नव्या भाषेत ढकलण्यात अर्थ नाही.

मूल चार-पाच वर्षांचं असेल आणि इथे राहण्याचा विचार असेल, तर डच शाळा आधी बघा. ती जवळजवळ मोफत असते, शाळा वर्षाला थोडी ऐच्छिक वर्गणी मागते. या वयाची मुलं भाषा भराभर उचलतात. माझा मुलगा पहिले तीन महिने वर्गात जवळजवळ गप्प होता. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी तो खेळण्यातल्या गाड्यांशी डचमध्ये बोलताना दिसला. त्याआधी घरी त्याने एकही डच शब्द काढला नव्हता. त्याहून मोठ्या, पण डचमध्येच शिकवायचं ठरवलेल्या मुलांसाठी बऱ्याच शहरांत नवागतांचे भाषावर्ग आहेत. तिथे वर्षभर मुख्यतः डच शिकवतात, मग नेहमीच्या वर्गात बसवतात.

मधली मुलं, म्हणजे सहा ते नऊ, यांचंच खरं अवघड. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. डच प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते, ग्रूप १ ते ग्रूप ८. ग्रूप ८ मध्ये, साधारण बाराव्या वर्षी, शिक्षकांचा सल्ला आणि एक परीक्षा यांवरून मूल पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जाणार ते ठरतं: व्यावसायिक शिक्षणाकडे नेणारी ‘व्हीएमबीओ’, मधली ‘हावो’ किंवा विद्यापीठाकडे नेणारी ‘व्हीडब्ल्यूओ’. अकराव्या वर्षापर्यंत इंग्रजी शाळेत ठेवून मग ‘आता डच माध्यमिकला घालू’ म्हटलं, तर गणितात हुशार असलेलं मूलही केवळ भाषेपायी खालच्या प्रवाहात जाऊ शकतं. इथेच राहायचं असेल तर मूल नऊ वर्षांचं व्हायच्या आत डच शाळेत जायला हवं असं मला वाटतं. त्यानंतर इंटरनॅशनल शाळाच धरली तर ती बारावीपर्यंत धरायची तयारी ठेवा.

आणि भारतात परत जायचं असेल, तर आठवी संपायच्या आत परता, नाहीतर बारावी इथेच करून परता. सीबीएसईची बोर्डाची नोंदणी नववीत होते, दहावीला थेट प्रवेश मिळणं कठीण असतं. मेडिकलचा विचार असेल तर अजून सावध राहा. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते, त्या वर्षीची नियमावली काढून वाचाच.

दोन प्रकारच्या शाळा

पहिला प्रकार सरकारी अनुदान मिळणाऱ्या इंटरनॅशनल शाळांचा. ॲम्स्टरडॅमची ॲम्स्टरडॅम इंटरनॅशनल कम्युनिटी स्कूल, इंटरनॅशनल स्कूल आइंडहोवन, इंटरनॅशनल स्कूल ऑफ द हेग, हिल्व्हरसम आणि उत्रेख्तच्या शाळा या गटातल्या. डच सरकार यांना नेहमीच्या शाळांसारखे दर मुलामागे पैसे देतं, वरचा खर्च पालक भरतात. प्राथमिकला वर्षाला साधारण ५ ते ७ हजार युरो, माध्यमिकला त्याहून थोडे जास्त.

या शाळेत प्रवेशाला अट आहे. मुलाचं नागरिकत्व परदेशी असावं आणि आई किंवा वडील मर्यादित काळासाठी नेदरलँड्समध्ये नोकरीला आलेले असावेत. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. डच पासपोर्ट असलेल्या मुलालाही प्रवेश मिळतो, पण ते आईवडिलांच्या कामामुळे निदान दोन वर्षं परदेशात राहून आलेलं हवं, किंवा येत्या दोन वर्षांत तसं जाणार असल्याचं पत्र हवं. म्हणूनच या वर्गांत जकार्ताहून परतलेली डच मुलं आणि पुण्याहून आलेली आपली मुलं शेजारी शेजारी बसतात. डच नागरिकत्व घ्यायच्या विचारात असाल आणि धाकट्याचा प्रवेश बाकी असेल, तर या अटीचा परिणाम शाळेला आधी विचारून घ्या.

दुसरा प्रकार खासगी शाळांचा. ॲम्स्टेलवेनमधली इंटरनॅशनल स्कूल ऑफ ॲम्स्टरडॅम (१९६४), ब्रिटिश स्कूल ऑफ ॲम्स्टरडॅम (१९७८), वासेनारची अमेरिकन स्कूल ऑफ द हेग, २०१८ साली ॲम्स्टेलवेनमध्ये सुरू झालेली ॲमिटी. इथे पासपोर्टची अट नाही. स्थानिक मूलही फी भरून येऊ शकतं. फी मात्र वर्गाप्रमाणे साधारण १८ ते ३० हजार युरोंच्या घरात, शिवाय प्रवेश शुल्क वेगळं. मैदान, संगीताच्या खोल्या, प्रयोगशाळा डोळ्यांत भरण्यासारख्या असतात. वर्षभर कधीही प्रवेश मिळण्याची शक्यताही इथे जास्त.

दोन्ही प्रकारच्या बहुतेक शाळा डे स्कूल आहेत, वसतिगृह नाही. साधारण साडेआठला सोडा, तीनच्या सुमाराला घ्या. दोघं नोकरी करणार असाल तर शाळेनंतरच्या पाळणाघराचं, म्हणजे इथल्या ‘बीएसओ’चं नावही शाळेबरोबरच नोंदवा. तिथेही रांग असते.

सही करण्याआधी कंपनीशी बोला

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण इथे आल्यावर ते सुधारता येत नाही. ३० टक्के रूलिंगबद्दल, म्हणजे परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा तेवढा भाग करमुक्त देण्याच्या सवलतीबद्दल, सगळ्यांनी ऐकलेलं असतं (२०२७ पासून ते २७ टक्के होणार आहे). त्याच्या शेजारची सवलत फार थोड्यांना ठाऊक असते: हे रूलिंग ज्यांना लागू आहे त्यांची इंटरनॅशनल शाळेची फी कंपनीने भरून दिली, तर ती रक्कम करमुक्त देता येते. म्हणजे कंपनीने पगार वाढवून तेवढेच पैसे दिले तर त्यातला मोठा वाटा करात जाईल, आणि शाळेची फी म्हणून दिले तर पूर्ण फीला लागतील. तेव्हा एचआरला ‘पगार थोडा वाढवा’ म्हणण्यापेक्षा ‘शाळेची फी द्या, आणि ते करारात लिहा’ असं सांगा. किती मुलांची, किती वर्षं, प्रवेश शुल्क धरून की सोडून, तेही त्यात येऊ द्या. सही झाल्यावर हा विषय काढलेल्यांपैकी फार थोड्यांना काही मिळालेलं मी पाहिलंय.

कागदपत्रं: निघण्याआधी, भारतात असतानाच

सगळ्यात महत्त्वाचा जन्मदाखला. शाळा नुसता पासपोर्ट चालवून घेईल, पण इथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंटेत, मुलाची नोंद करताना अपोस्टिल केलेला (परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का घेतलेला) जन्मदाखला लागतो आणि त्या नोंदीतून मिळणारा बीएसएन नंबर, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, शाळेलाही हवा असतो.

दाखला आजच कपाटातून काढा आणि बाळाच्या नावाचा रकाना बघा. आमच्या मुलीच्या दाखल्यात तो मोकळा होता. प्रसूतीनंतर हॉस्पिटलने नोंद केली, बारसं नंतर झालं, नाव घालायला परत कुणी गेलंच नाही. नऊ वर्षं त्यावाचून काही अडलं नव्हतं. मग नाव घालून नवा दाखला, त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, यात आमचे सहा आठवडे गेले. यांचं तिकीट निघालं होतं, मी आणि मुलं मागे राहिलो. नाव घालायला नोंदणीपासून पंधरा वर्षं मुदत असते, तेव्हा काम होतं, पण वेळ खातं. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी किंवा दोन्ही भाषांतला मागून घ्या.

दुसरी गोष्ट नावाच्या क्रमाची. आपल्याकडे शाळेच्या कागदांवर आडनाव पहिलं येतं: पाटील आरव सचिन. इथला माणूस ते सरळ वाचतो, मुलाचं नाव पाटील आणि आडनाव सचिन. एकदा तसं रजिस्टरमध्ये चढलं की वर्गाच्या खुंटीवर, ईमेलवर, सगळीकडे तेच येतं. फॉर्म भरताना पासपोर्टमधलाच क्रम वापरा आणि गुणपत्रिकांबरोबर ‘हे आणि ते नाव एकाच मुलाचं’ असं आपल्या मुख्याध्यापकांचं एका ओळीचं इंग्रजी पत्र जोडा.

बाकी लागतं ते असं: मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, वर्गशिक्षकांचं शिफारसपत्र (बऱ्याच शाळा स्वतःचा फॉर्म थेट शिक्षकांना पाठवतात, तेव्हा आपल्या बाईंना आधी कल्पना देऊन ठेवा), आणि मुलाला वाचनाची किंवा लक्ष देण्याची अडचण असेल तर तिचे रिपोर्ट. हे रिपोर्ट लपवू नका. प्रवेश नाकारतील या भीतीने काही पालक गप्प बसतात आणि मूल वर्षभर मदतीशिवाय राहतं. एलसी मात्र इथली जागा लेखी पक्की होईपर्यंत काढू नका. नाव कमी झालं की जुन्या शाळेत परतीची वाट बंद.

इयत्तांचा घोळ

अर्ज करताना इयत्ता चुकली तर चुकीच्या वर्गाच्या वेटिंगमध्ये उभं राहाल. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल आपल्याकडे पहिलीत. तेच मूल डच शाळेत ग्रूप ३, ब्रिटिश शाळेत इयर २, अमेरिकन पद्धतीत ग्रेड १. ‘इयर २ म्हणजे दुसरी’ असं धरून आईबाबा आनंदाने एक वर्ष पुढे गेल्याचं सांगतात, तसं काही नसतं. शिवाय शाळेचं वर्ष इथे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं. आपल्याकडची परीक्षा एप्रिलमध्ये देऊन निघालात तर इथल्या वर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने उरलेले असतात. जागा मिळत असेल तर ते वाया न घालवता घ्या. परीक्षेचं ओझं नसतं आणि उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीआधी दोन मित्र झालेले असतात. त्या सुट्टीत हाक मारायला कुणी असणं हे नव्या मुलासाठी फार मोठं असतं.

शाळा बघायला जाल तेव्हा

या शाळा मुळात कुणासाठी निघाल्या ते ठाऊक असलं तर बरेच प्रश्न सुटतात. १९२४ मध्ये जिनिव्हात लीग ऑफ नेशन्सच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. दर दोन-तीन वर्षांनी देश बदलणाऱ्या मुलांना कुठेही चालेल असा अभ्यासक्रम हवा होता, त्यातून १९६८ मध्ये आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, उभं राहिलं. म्हणूनच वर्गात कुणी ना कुणी नेहमी नवीन असतं, नव्या मुलाला सामावून घ्यायची शिक्षकांना सवय असते. आणि म्हणूनच जिवलग मैत्रीणही अचानक सिंगापूरला निघून जाते. माझ्या मुलीने दोन वर्षांत अशा तीन मैत्रिणींना निरोप दिला. तिसऱ्या वेळी ती शाळेत जायलाच तयार नव्हती. ‘गेल्या वर्षी या वर्गातली किती मुलं शाळा सोडून गेली, आणि निरोपाच्या वेळी तुम्ही मुलांसाठी काय करता?’ हे जरूर विचारा. या प्रश्नाला शाळा काय उत्तर देते, त्यावरून तिचं मन कळतं.

इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला वर्गातून बाहेर काढून शिकवतात की वर्गातच मदत देतात, डचचे तास आठवड्याला किती, मधली सुट्टी पावसात कुठे होते, हेही विचारा. भिंतींवर लावलेली मुलांची कामं बघा. सगळी चित्रं एकसारखी असतील तर ती शिक्षिकेची आहेत.

प्रवेश परीक्षा आपल्यासारखी नसते. मुलाला जरा वेळ वर्गात बसवतात, वाचायला देतात, गप्पा मारतात. घरून उत्तरं पाठ करून नेऊ नका. ‘तुला काय आवडतं?’ या प्रश्नाला त्याला मनापासून उत्तर देऊ द्या, मग ते ‘झुरळं’ असलं तरी चालतं.

आयबीच्या प्राथमिक वर्गात पाठ्यपुस्तक जवळजवळ नसतं, गृहपाठ थोडा, नंबर नाहीत. ‘पाणी’ असा एक विषय सहा आठवडे चालतो, त्यात विज्ञान, भूगोल, गणित सगळं येतं. माझ्या मुलीने नळाच्या गळतीचं पाणी ग्लासात साठवून दिवसाला किती वाया जातं याचा तक्ता केला आणि तो आम्हा दोघांना उभं राहून समजावला. नाशिकच्या शाळेत ती कधी वर्गासमोर बोलली नव्हती. पण पाढे आणि भागाकार मात्र मागे पडले. ते आम्ही घरी रोज पंधरा मिनिटं करतो. परतायचं असेल तर हे सोडू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, गणित आणि मराठी दोन्ही उतरवून घ्या. घरात मराठीच बोला. शाळाही हेच सांगतात आणि ते खरं आहे.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक इशारा. आयबी डिप्लोमात सहा विषय घेताना दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि सहावा कलेचा किंवा वरच्यांपैकीच आणखी एक अशी चौकट असते. तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित बसतं, म्हणजे जेईईचं जमू शकतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही मात्र नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत, त्यासाठी शाळेमार्फत खास परवानगी काढावी लागते. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायची असेल तर हे अकरावीच्या प्रवेशाआधीच समुपदेशकाला सांगा.

पहिले काही आठवडे

डबा. बऱ्याच शाळा शेंगदाणे आणि सुकामेवा पूर्ण बंद ठेवतात, कारण एखाद्या मुलाला जीवघेणी ॲलर्जी असते. आपल्या स्वयंपाकात कूट कुठे कुठे असतं ते आठवा: साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या भाजीत, चटणीत तर असतंच. पहिल्या आठवड्यात मी मुलीला पोहे दिले, वरचे शेंगदाणे काढून. डबा न उघडता परत आला, झाकणावर शिक्षिकेची चिठ्ठी. तिने नम्रपणे लिहिलं होतं की काढलेले दाणेही चालत नाहीत. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून शाळेच्या डब्याची भाजी वेगळ्या कढईत, खोबरं घालून करते. पोळीचा रोल सगळ्यात सोपा, जेवायला वेळ थोडाच मिळतो आणि गरम करून मिळत नाही.

पावसाची पँट आणि जॅकेट दोन्ही घ्या, नुसती छत्री सायकलवर निरुपयोगी. पोहण्याच्या क्लासला लगेच नाव घाला. शाळा शिकवेलच असं नाही, आणि इथे दर दोन गल्ल्यांना कालवा आहे. डच मुलं लहानपणीच पोहण्याचा ए डिप्लोमा मिळवतात, वाढदिवस तरणतलावावर करतात. आपलं मूल काठावर बसू नये.

सुट्टीचा कायदा

इथे पाचव्या वर्षानंतर शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. हा कायदा १९६९ चा आणि तो फार गांभीर्याने पाळतात. ‘तिकीट स्वस्त मिळालं म्हणून चार दिवस आधी निघालो’ हे चालत नाही. पालिकेचा अधिकारी प्रत्येक मुलामागे दंड करू शकतो, सुट्टीच्या तोंडावर स्किपोल विमानतळावर कधीकधी तपासणीही होते. धार्मिक सणाला साधारण एक दिवस मिळतो, निदान दोन दिवस आधी मुख्याध्यापकांना कळवावं लागतं. दिवाळीचा तो दिवस आम्ही लक्ष्मीपूजनाला घेतो. घरातलं लग्न, मृत्यू, गंभीर आजारपण यांसाठी काही दिवस मिळतात, पत्रिका किंवा कागद जोडून अर्ज करावा लागतो. गणपतीला गावी जायचा बेत मात्र बहुतेक वेळा शाळेच्या पहिल्या आठवड्यांवर येतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत सहलीसाठी रजा देतच नाहीत. मूल पाचाच्या आत असेल तर ही सक्ती नसते, तेव्हा ती एक-दोन वर्षं गावच्या गणपतीला मनसोक्त जाऊन या.

निघायची वेळ आली तर

करार काढून नोटीसची मुदत बघा. खासगी शाळेत ती चुकली तर पुढच्या सत्राची फी अंगावर येऊ शकते. एलसी नावाचा कागद इथे नसतो, पण भारतातली शाळा तोच मागते. म्हणून शाळेकडून लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह एक पत्र घ्या: मुलाचं पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, प्रवेश आणि सोडल्याची तारीख, इयत्ता आणि ‘पुढच्या वर्गात बसण्यास पात्र’ हे शब्द. गुणपत्रकावर नुसते शेरे असतील तर त्या श्रेणींचा अर्थ सांगणारं पान जोडून मागा. या पत्राची विनंती जुलैच्या आधी करा, कारण सुट्टी लागली की सहा आठवडे कार्यालयात फोन उचलायला कुणी नसतं, आणि आपल्याकडची शाळा तोवर जूनमध्ये सुरू झालेली असते.